दासोपंत: अंबाजोगाईचे वाग्गेयकार

अंबाजोगाईच्या दासोपंतांचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक त्यांची पासोडी, म्हणजे चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद जाडजूड कापडावर लिहिलेले ‘पंचीकरण’. आणि दुसरी त्यांच्या लेखनाचा अफाट विस्तार. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिणारा माणूस म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली. ती जागा मानाची असली तरी तत्त्वचिंतकाची आहे. ‘ग्रंथराज’, ‘गीतार्थबोधचंद्रिका’, ‘वाक्यवृत्ती’ यांची चर्चा आटोपल्यावर शेवटच्या परिच्छेदात त्यांच्या पदांचा, म्हणजे ‘पदार्णवा’चा, उल्लेख येतो आणि प्रकरण संपते. हा क्रम उलटा करायला हवा, असे माझे मत आहे. शब्द आणि गाणे ज्याच्या हातून एकत्र घडतात त्याला आपल्या शास्त्रात वाग्गेयकार म्हणतात. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत असा वाग्गेयकार शोधायचा झाला तर अंबाजोगाईला जावे लागते. दासोपंतांना संगीताच्या इतिहासाबाहेर ठेवल्याने मराठी पदाचा उगमच आपल्याला धड सांगता येत नाही.

या प्रदेशात गाण्याचे शास्त्र किती जुने आहे, ते आधी पाहिले पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. पुढे शंभर वर्षांच्या आत देवगिरीला यादव सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हा ग्रंथकार मूळच्या काश्मिरी घराण्यातला आणि राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी. त्याच्या प्रबंधाध्यायात ओवीलाही जागा आहे. जात्यावरचे आणि उखळावरचे गाणे शास्त्रग्रंथात नोंदले जाते, याचा अर्थ दरबार आणि घर यांच्यातले अंतर आपण समजतो तेवढे नव्हते. अंबाजोगाई या जगाच्या बाहेर नव्हती. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचे शिलालेख याच गावात आहेत, त्याच्या नावाचे देऊळही आहे. देवगिरीच्या सत्तेचे हे मोठे ठाणे होते. शिवाय योगेश्वरीचे क्षेत्र, आणि ‘विवेकसिंधू’कार मुकुंदराजांची समाधी. तेव्हा दासोपंत येथे आले ते विद्या आणि गाणे या दोन्हींची ओळख असलेल्या गावात आले.

शार्ङ्गदेवाने उत्तम वाग्गेयकाराचे गुण सांगताना मोठी यादी दिली आहे. तिची सुरुवात गळ्यापासून होत नाही. आधी व्याकरणाचे ज्ञान, मग कोश, छंदांचे भेद, अलंकार, रसभाव, देशोदेशीच्या रीतींची जाण, नाना भाषांचे ज्ञान. त्यानंतर लय, ताल, रागांचा विवेक आणि गोड आवाज. शब्द आणि धातू, म्हणजे काव्य आणि स्वररचना, दोन्ही ज्याला साधतात तो उत्तम. ही कसोटी दासोपंतांना लावून पाहण्यासारखी आहे. व्याकरण आणि वेदान्त या बाबतीत त्यांचा अधिकार कोणी नाकारलेला नाही; ‘सर्वज्ञ’ हे बिरुद त्यांच्या नावामागे उगाच लागलेले नाही. भाषांचे म्हणाल तर मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि हिंदीतही त्यांची पदे आहेत. छंद त्यांनी ओवीपासून मात्रावृत्तांपर्यंत हाताळले. राहता राहिले राग आणि ताल, आणि तिथेच पदांचा पुरावा कामाला येतो.

ओवी, अभंग आणि पद हे तीन प्रकार आपण सर्रास एका दावणीला बांधतो. रचनेच्या अंगाने ते वेगळे आहेत. ओवीचे तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड. ग्रंथातल्या ओवीत अक्षरसंख्या सैल असते आणि म्हणणारा ती एका ठरावीक सुरावटीत पुढे नेतो, कारण तिथे अर्थ चालायला हवा. अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरांची बांधणी असते, पण चाल मोकळी राहते. एकच अभंग पखवाजाच्या वेगवेगळ्या ठेक्यांवर, वेगवेगळ्या सुरांत म्हणता येतो, आणि दिंडीत हजारो माणसांना एकत्र म्हणता येतो. पद मात्र मात्रांवर चालते. त्याचा ताल शब्दांच्या आत बसवलेला असतो. आठ मात्रांच्या आवर्तनात बांधलेली ओळ सहा मात्रांच्या ठेक्यात रेटली तर शब्द मोडतात. म्हणून पद लिहिणाऱ्याला लिहिण्याच्या क्षणीच गाणे ऐकू यावे लागते.

हस्तलिखितातल्या पदाचा एक नमुना डोळ्यांपुढे आणावा. माथ्यावर रागाचे नाव. मग पहिल्या एक-दोन ओळी आणि त्यांच्या शेवटी दोन दंडांच्या मध्ये ‘ध्रु’ हे अक्षर, म्हणजे हे ध्रुवपद, प्रत्येक कडव्यानंतर इथे परत यायचे. त्याखाली आकडे घातलेली कडवी. शेवटच्या कडव्यात नाममुद्रा. दासोपंतांच्या बाबतीत ती ‘दिगंबर’, जे त्यांच्या दैवताचे, दत्तात्रेयाचे, नाव आणि त्यांच्या वडिलांचेही. हा साचा ओळखीचा वाटतो, कारण तो प्रबंधातून आलेला आहे. शार्ङ्गदेवाने प्रबंधाचे जे भाग सांगितले त्यांत परत परत येणारा ‘ध्रुव’ आहे आणि शेवटचा ‘आभोग’ आहे. ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमराच्या काळात ज्या ध्रुपदाला वैभव आले त्याच्याही आभोगात रचणाऱ्याचे नाव येते. ध्रुपद आणि मराठी पद ही एकाच जुन्या घरातली दोन भावंडे. एक दरबारात वाढले आणि दुसरे देवघरात, एवढाच फरक.

आता दासोपंतांचे चरित्र. शके १४७३ मध्ये, म्हणजे १५५१ साली, बीदर राज्यातल्या नारायणपेठेच्या देशपांडे घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत, आई पार्वती. वसुलाची रक्कम थकली म्हणून बीदरच्या बादशहाने मुलाला ओलीस ठेवले, महिन्याच्या आत पैसा आला नाही तर त्याचे धर्मांतर करण्याचे ठरले, आणि शेवटच्या घटकेला स्वतः दत्तात्रेय दत्ताजी पाडेवाराच्या रूपाने रक्कम घेऊन आले, ही कथा प्रसिद्ध आहे. पुढे त्यांनी घर सोडले, माहूरला दीर्घ तप केले, मग गोदावरीकाठच्या राक्षसभुवनला दत्तपादुकांची प्राप्ती झाली आणि अखेर अंबाजोगाईला स्थिरावले. शके १५३७ च्या माघात, म्हणजे १६१५-१६ मध्ये, तिथेच त्यांनी देह ठेवला. जुन्या ओवीबद्ध चरित्रात हे सारे आले आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२० च्या दशकात केला.

ओलीस ठेवलेल्या मुलाच्या कथेत देवाने पैसे भरण्याचा प्रसंग दामाजीपंतांच्या कथेशी इतका जुळतो की एका साच्यातून दोन्ही निघाल्या हे उघड आहे. पण कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातले वास्तव उरते: महसुलाची हमी घेणारे देशपांडे घराणे, थकबाकीसाठी वारसाला अडकवून ठेवणारी सत्ता, आणि ती नोकरी कायमची सोडून निघालेला तरुण. संगीतकाराच्या आयुष्याचा विचार करताना हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्याला तिथे संगीताचा अभिजात काळ म्हणतात, हायडनने १७६१ साली एस्टरहाझी सरदाराकडे नोकरी धरली. करारानुसार त्याला गणवेश घालावा लागे, धनी मागेल ते संगीत रचावे लागे आणि ते दुसऱ्या कोणाला देता येत नसे. मोझार्टने १७८१ मध्ये साल्झबुर्गच्या आर्चबिशपची चाकरी सोडली आणि व्हिएन्नात स्वतःच्या बळावर जगायचे ठरवले. संगीताच्या इतिहासात ती मोठी घटना मानली जाते. रचनाकार कोणासाठी रचतो हा प्रश्न तिथे करारपत्रांतून आणि घरच्या पत्रांतून दिसतो. आपल्याकडे तोच प्रश्न दत्ताजी पाडेवाराच्या कथेत दडलेला आहे. राजाचे देणे देवाने फेडले, म्हणजे या माणसावर यापुढे राजाचा हक्क उरला नाही. पदांत एकाही राजाची स्तुती करावी लागू नये, नाममुद्रा फक्त दैवताची असावी, यासाठी ही मोकळीक हवी होती. कथा सांगणाऱ्यांना तेवढे पक्के कळलेले होते.

आणि राजे तर आजूबाजूला गाण्याचे षोकीनच होते. दासोपंतांच्या उमेदीच्या वर्षांत विजापूरला दुसरा इब्राहिम आदिलशाह गादीवर होता. १५८० ते १६२७ या त्याच्या कारकिर्दीत त्याने स्वतः दखनीत गीते रचली; त्याच्या ‘किताब-ए-नौरस’मध्ये ती रागांच्या नावांखाली लावलेली आहेत आणि त्यांत सरस्वती आणि गणपती यांना वंदन आहे. खानदेशच्या फारुकी दरबारात कर्नाटकातून आलेल्या पुंडरीक विठ्ठलाने ‘सद्रागचंद्रोदय’ लिहून दक्षिणेकडचे आणि उत्तरेकडचे राग एकाच चौकटीत मांडले. पैठणला एकनाथ गौळणी आणि भारुडे रचत होते. रागाच्या नावाखाली गीत लिहिण्याची रीत त्या काळी दख्खनभर होती, आणि दासोपंत त्या रीतीचे मराठी वारसदार होते. त्यांच्या हयातीतच १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतले, निजामशाहीची सूत्रे मलिक अंबरने हाती धरली, फौजांची ये-जा या मुलखातून होत राहिली. इतक्या धामधुमीत अंबाजोगाईला एक माणूस चार भाषांत पदे लिहीत बसला होता, याचे मला फार मोल वाटते. नारायणपेठेच्या बाजूला कानडी आणि तेलुगू घराबाहेर पडताच कानी पडणाऱ्या भाषा होत्या. अंबाजोगाईला दर्शनाला येणारा यात्रेकरूही एकाच बोलीचा नसे. ज्याला जी भाषा कळते तिच्यात त्याला गाणे द्यायचे, हा वाग्गेयकाराचा व्यवहार झाला. तत्त्वज्ञानाचा भाष्यकार एका भाषेत राहू शकतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्वरलिपीचा. पदांवर रागाचे नाव आहे, पण स्वर लिहिलेले नाहीत. चाल गेली ती गेली, मग संगीतकार कशाच्या आधारावर म्हणायचे? मोझार्टने १७८४ च्या फेब्रुवारीपासून मरेपर्यंत स्वतःच्या रचनांची वही ठेवली, प्रत्येक रचनेच्या सुरुवातीचे स्वर तारखेसह लिहून ठेवले. तसे काही इथे नाही, हे खरेच. पण हा निकष आपण दक्षिणेत लावत नाही. तिरुपतीच्या अन्नमाचार्यांची (१४०८-१५०३) हजारो संकीर्तने ताम्रपटांवर कोरलेली मिळाली. त्या पत्र्यांवरही रागाचे नाव आणि शब्द आहेत, स्वर नाहीत. विसाव्या शतकात राळ्ळपल्ली अनंतकृष्ण शर्मा यांच्यासारख्या जाणत्यांनी त्यांना चाली बांधल्या आणि आज ती संकीर्तने मैफलीत गायली जातात. पुरंदरदासांच्या मूळ चालीही बहुतांशी हरवलेल्या आहेत, तरी कर्नाटक संगीताचे पितामह म्हणून त्यांना मान आहे. तेलुगू आणि कानडी समाजाने या पुराव्याला पुरेसे मानले आणि त्यावर काम उभे केले. तसाच पुरावा मराठीत असताना आपण त्याला ‘भक्तिपर स्फुट रचना’ या सदरात टाकून मोकळे झालो. चूक पुराव्याची नाही, वाचणाऱ्याच्या नजरेची आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. रागांची नावे नंतरच्या नकलाकारांनी घातली नसतील कशावरून? काही ठिकाणी तसे झाले असणार. मठांतल्या आणि घरांतल्या वह्यांत गाणारा आपल्या सोयीचा राग लिहून ठेवतो, हे जुन्या वह्या चाळणाऱ्या कोणालाही माहीत आहे. पण नकलाकार मथळा बदलू शकतो, पदाची मात्राबांधणी बदलू शकत नाही. ध्रुवपद कुठे येते, कडव्याची शेवटची ओळ त्याला कशी जाऊन मिळते, यमकाचा ठोका आवर्तनात कुठे पडतो, हे मूळ रचनेतच असते. मथळा खोडला तरी पद गेयच राहते. आणि समजा, बरेचसे मथळे शिष्यांनीच दिले, तर त्यातून एवढेच सिद्ध होते की दासोपंतांच्या पश्चात त्यांची पदे रागांत गायली जात होती. ते माझ्या म्हणण्याच्या विरोधात कसे जाते?

मग संख्येचा प्रश्न. सव्वा लाख पदे लिहिली असे परंपरा सांगते. मिळतात ती सुमारे सोळाशे. एवढा फरक पाहून साऱ्या परंपरेवरच अविश्वास दाखवणे सोपे आहे. पण सव्वा लाख ही आपल्याकडची पूर्णतेची संख्या आहे, जपालाही तीच असते. पुरंदरदासांच्या नावावर परंपरेने पावणेपाच लाख पदे घातली आहेत. अशा संख्येवर वाद घालण्यापेक्षा हाती असलेल्या सोळाशेंकडे बघावे. सोळाशे पदे ही कोणत्याही भाषेतल्या एका रचनाकाराची भरघोस मिळकत आहे. शिवाय या माणसाच्या लेखनाच्या सवयीचा दुसरा, हाताला लागणारा पुरावा आहेच. पासोडी हे वस्त्र पांघरायचे. त्याच्यावर चाळीस फूट लांबीभर ओवीबद्ध मजकूर बसवायचा तर ओळींचा अदमास, शाईचा घट्टपणा, खरबरीत कापडावर फिरणाऱ्या बोरूवरचा ताबा हे सारे आधी ठरवावे लागते. परंपरा ते दासोपंतांच्याच हातचे मानते. त्यांना लिहायला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशीही आठवण सांगतात. रोज ठरलेल्या वेळी बसून लिहिणाऱ्या, लेखनाला कारागिराची शिस्त असलेल्या माणसाचे हे चित्र आहे. पदांचा ‘अर्णव’ अशाच शिस्तीतून भरतो.

तिसरा आक्षेप संतसाहित्याच्या अभ्यासकांकडून येतो आणि त्यात आदर आहे, म्हणून त्याचे उत्तरही आदराने द्यायला हवे. ते म्हणतात, दासोपंतांचे ध्येय दत्तभक्ती होते. त्यांना संगीतकार म्हणणे म्हणजे साधनाला साध्य समजणे. मला हा भेदच मान्य नाही. दासोपंतांनी दत्ताचे सोळा अवतार मानले, त्यांच्या उपासनेची घडी बसवली; अंबाजोगाईला थोरले देवघर आणि धाकटे देवघर या दोन घरांतून ती उपासना चालत आली. देवाला जागवायचे, न्हाऊ घालायचे, नैवेद्य दाखवायचा, निजवायचे, तर प्रत्येक वेळेचे गाणे हवे आणि प्रत्येक वेळेचा राग हवा. उपासनेची घडी म्हणजेच गायनाची घडी. ध्रुपद गाणाऱ्यांनी देवळांत हेच केले, अन्नमाचार्यांनी तिरुमलेला हेच केले. भक्तीसाठी गायलेले गाणे कमी प्रतीचे गाणे होते, असे त्या काळच्या कोणाही गायकाला वाटले नसते. ही विभागणी आपण अलीकडे, सभागृहातल्या मैफलीची सवय झाल्यावर, मागे नेऊन लावतो. वाङ्मय म्हणून पाहिले तरी दासोपंतांच्या ओव्यांपेक्षा त्यांची पदे मला सरस वाटतात. ‘गीतार्णवा’त विषय पसरतो, पुनरुक्ती होते. पदात मात्रांचे कुंपण असते आणि त्या कुंपणात त्यांचा शब्द घट्ट, नेमका होतो.

पुढचा प्रवास पाहिला की हा मुद्दा आणखी पटतो. अठराव्या शतकात औरंगाबादच्या परिसरात मध्वमुनीश्वर आणि त्यांचे शिष्य अमृतराय (१६९८-१७५३) यांनी पद आणि कटाव कीर्तनात रुजवले. कटाव हा अनुप्रासांच्या माऱ्याने धावणारा प्रकार. तो म्हणताना कीर्तनकाराचा दम आणि झांजेची लय एकत्र चालावी लागते. गोदावरीच्या खोऱ्यात पदाला बसलेला घाट नसता तर कटावाला पाय ठेवायला जागा मिळाली नसती. तिकडे तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात मराठी कीर्तन पोचले आणि ओवी, अभंग, साकी, दिंडी हे प्रकार तमिळ मुलखातल्या हरिकथेत जाऊन बसले; तिथले भागवतर आजही ते म्हणतात. इकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा नाटकातल्या गाण्याला कोणते नाव द्यावे याचा विचार करावा लागला नाही. ते ‘पद’च होते: वर रागतालाचा निर्देश, मग ध्रुवपद, मग कडवी. नाट्यसंगीताचा इतिहास लिहिणारे या प्रकाराचे मूळ कर्नाटकातल्या यक्षगानात आणि कीर्तनात शोधतात, ते बरोबरच आहे. पण कीर्तनाच्या मागे एक पायरी उतरले की अंबाजोगाई लागते.

म्हणून ‘पदार्णवा’ची आवृत्ती वेगळ्या रीतीने काढली पाहिजे. आजवर पदे विषयवार वाचली गेली: दत्तमहिमा, अद्वैत, वैराग्य. त्यांना रागवार आणि मात्रावार लावावे. निरनिराळ्या हस्तलिखितांत एकाच पदाला कोणते राग दिले आहेत ते शेजारी शेजारी मांडावे. ज्या पदांवर सगळ्या प्रतींचे एकमत आहे ती वेगळी काढावीत. कानडी आणि तेलुगू पदे त्या त्या भाषेच्या जाणकारांपुढे ठेवावीत आणि पुरंदरदासांसारख्या कानडी हरिदासांच्या, अन्नमाचार्यांच्या रचनांशी ताडून बघावीत. विजापूरच्या ‘नौरस’मधली रागनामे आणि अंबाजोगाईची रागनामे यांची तुलना करावी. याला वाद्यवृंद लागत नाही, मोठी देणगी लागत नाही. पोथ्या वाचता येणारा एक, छंद जाणणारा एक आणि ध्रुपद गाणारा एक, अशी तीन माणसे एका टेबलाशी बसली तर सोळाशे पदांपैकी शंभरेक तरी त्यांच्या मूळ ठेक्यात उभी राहतील.